बांधात ठेवलेली वाट

आन्सेई शकाचं दुसरं वर्ष, तिसरा महिना

गिहाची,

मायना लिहीत नाही. 'प्रिय धाकट्या भावास' असं लिहायला बसले होते, पण हात पुढे सरकेना. तेव्हा नुसतं गिहाची. थोरली बहीण म्हणून तेवढा हक्क मला अजून आहे असं धरून चालते.

तुझा कारभारी हेइगोरो परवा दारात आला. हातात दोरीचं भेंडोळं, मागे दोन गडी, आणि चेहरा असा की समुद्र याला विचारूनच येतो-जातो. म्हणाला, "मालकांचा हुकूम आहे. ओढ्यापासून खडकापर्यंत मातीचा बांध घालायचा. घराच्या आढ्याहून उंच."

मी म्हटलं, "मालकांना स्वतःच्या बहिणीला लिहायला काय झालं? बोटं झडली?"

तो बिचारा खाली बघायला लागला. त्याचा काय दोष. लाट येऊन गेली तेव्हापासून तू माझ्याशी बोललेला नाहीस, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तू सगळ्यांना तांदूळ वाटलास, झोपड्या उभ्या करून दिल्यास, कोळ्यांना नव्या होड्या दिल्यास, आणि माझ्या दारावरून जाताना मान खाली घालून गेलास. मग सरळ पूर्वेला, शोयूच्या भट्टीवर निघून गेलास. बांधासाठी पैसा उभा करायला गेला, असं लोक सांगतात. असेल. माझ्यासमोर उभं राहण्यापेक्षा सोयाबीन आंबवणं तुला सोपं वाटलं असेल.

गावात आता तुला जिवंत देव म्हणतात. तुझ्या नावाचं देऊळ बांधायचं चाललंय, आणि तू नको म्हणून कळवलंस ते ऐकून तर तुझा मान आणखीच वाढलाय. तू टेकडीवर शोयूची नवीकोरी पिंपं पेटवून दिलीस आणि लोकांना अंधारात वर चढायला उजेड झाला, हा तर पोरांचा खेळच होऊन बसलाय. एक पोर गिहाची होतं, बाकीची धापा टाकत वर येतात. मीसुद्धा त्याच उजेडात वर चढले, ते मी नाकारत नाही.

पण त्याच उजेडात तू माणसं मोजलीस. खालच्या आळीतली कमी निघाली. तू विचारलंस, "कोण जाईल खाली?" आणि माझा इसाकु म्हणाला, "मामा, मी जातो." तू म्हणालास, "जा."

म्हाताऱ्या रोकुबेईला पाठीवर टाकून तो एकदा वर आला. पुन्हा गेला. पुढचं तुला ठाऊक आहे.

तू कोणाला तरी पाठवणारच होतास. तुझ्या जागी मी असते तर मीही पाठवलं असतं. पण गेला तो माझा, त्याला मी काय करू?

आता कामाचं. हेइगोरोनं दोरी धरली ती खालच्या आळीच्या वाटेवर आडवी आली. कोळ्यांसाठी बांधावरून चढ-उताराच्या पायऱ्या ठेवल्या आहेत म्हणे. कोळ्यांचं ठीक आहे, ते चढतील. इसाकुनं काय करायचं? त्याचं शरीर मिळालं नाही. डोंगरावर त्याला थडगं नाही, म्हणजे तिकडून यायची सोय नाही. माणूस ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं बोनच्या सणाला घरी येतो, आणि मेलेल्यांना पाय नसतात, हे तुला आईनं मांडीवर घेऊन सांगितलंय. तो तुझ्या बांधावर चढणार कसा?

एक वाट सोड. हातगाडी जाईल एवढी. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही.

किवा


आन्सेईचं दुसरं वर्ष, सहावा महिना

गिहाची,

तुझं उत्तर पोचलं. म्हणजे हेइगोरोला पोचलं आणि त्यानं मला वाचून दाखवलं: "पाण्याला एक भोक पुरतं. वाट ठेवता येणार नाही." हेच मला दोन ओळीत लिहून पाठवलं असतंस तर शाई संपली असती का?

तेव्हा आम्ही दोरीवर जाऊन बसलो. मी, मासळी विकणारी काने, आणि ज्यांचं माणूस पाण्यातून परत आलं नाही अशा सगळ्याजणी. वाटेवर चटया टाकल्या, शिवण-टिपण घेतलं आणि बसलो. दोन्ही बाजूंनी बांध चढत आला आणि मध्ये आम्ही. माती आणणारी माणसं येत, आमच्याकडे बघत, आणि टोपली दुसरीकडे नेऊन ओतत.

हेइगोरो आला. "थोरल्या बाई, उठा. काम अडलंय."

काने म्हणाली, "तुझं काम अडलंय, आमची माणसं अडलीत. मोठं कोण?"

"मालक म्हणतात—"

"मालकांना म्हणावं, इथे येऊन उचला आम्हाला. माझं वजन बरंच आहे, सांगून ठेव."

बायका हसल्या. मीही हसले बहुतेक. इसाकु गेल्यावर पहिल्यांदाच. हसू आलं याचं मलाच मग रात्रभर वाईट वाटत राहिलं.

एक सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल मला काही दिसतच नाही. बांध ही चांगली गोष्ट आहे. अर्धं गाव बोचकी बांधून निघायच्या बेतात होतं. होड्या गेल्या, जाळी गेली, शेतात मीठ, राहायचं कशासाठी? आता रोज मजुरी मिळते, म्हणून लोक थांबलेत. म्हाताऱ्यासुद्धा पदरातून माती आणतात आणि संध्याकाळी तांदूळ घेऊन घरी जातात. माझी सून तोमी जाते. पाठीला पोरीला, मियोला बांधते आणि खांद्यावर कावड घेते. मी तिला म्हटलं, "तू मालकांची भाचेसून, तू कशाला माती वाहतेस?" तर म्हणाली, "आई, घरात बसले की ऐकू येतं." काय ऐकू येतं ते मी विचारलं नाही. मलाही येतं.

तेव्हा बांध नको असं मी म्हणतच नाही. एक वाट मागतेय.

पुढच्या महिन्यात बोन. इसाकुचा पहिलाच. गावातल्या प्रत्येक घरी त्यांचे गेलेले येणार, पाटावर बसणार, जेवणार. आणि माझा मुलगा बांधाच्या त्या बाजूला ओल्या कपड्यांनी उभा राहणार, मामानं भिंत घातली म्हणून.

तू त्याला बाहेर पाठवलंस, गिहाची. आता आत घे.

किवा


आन्सेईचं दुसरं वर्ष, सातवा महिना, बोन झाल्यावर

गिहाची,

तुझी चिठ्ठी आली. हेइगोरोला नाही, मला. "ताई, वाट ठेवतो. इसाकुला यायला हवं." एवढंच. मी ती तोमीला वाचून दाखवली आणि घडी करून ठेवून दिली. बाकी त्यावर काही बोलत नाही. बोलायला गेले तर रडेन आणि कागद खराब होईल.

तू फळ्यांची युक्ती काढलीस तीही चांगली आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना दगडात खाचा, आणि शेजारी जाडजूड फळ्या रचून ठेवलेल्या. जमीन हलली की फळ्या खाचांत सोडायच्या, की वाट बंद. रोकुबेईला त्या कामावर नेमलंस हे तर फारच योग्य केलंस. म्हातारा सकाळपासून तिथे जाऊन बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला दरडावतो, "फळीला हात लावायचा नाही. ही मालकांची फळी आहे." इसाकुनं त्याला पाठीवर आणलं होतं तेव्हा तो सारखा ओरडत होता, "मला टाक, पोरा, मला टाक." आता कोणी त्याची चौकशी केली की म्हणतो, "मी इथे त्याची वाट बघतो. त्याला सांगायचंय की उगीच आणलंस."

बोनच्या पहिल्या संध्याकाळी आम्ही वाटेतून किनाऱ्यावर गेलो. समुद्र असा गरीब, तोंडात बोट घातलं तरी चावायचा नाही. तागाच्या काड्या पेटवल्या, इसाकुचं नाव घेतलं, आणि कंदील घेऊन परत फिरलो. मागं वळून बघायचं नसतं. पुढे मी, मागे तोमी. तोमी सारखी म्हणत होती, "इकडून या. इथे चिखल आहे. इथे दगड आहे, सांभाळून." लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याशी चारचौघांत एक शब्द बोलायची नाही ती. बांधाच्या दोन भिंतींमधून जाताना कंदिलाची ज्योत जरा हलली. वारा असेल. मला तो वारा वाटला नाही.

घरी त्याचा पाट मांडला होता. थंड शेवया, वांगं, डांगर, सगळं त्याच्या आवडीचं. तीन दिवस घरात माणूस असल्यासारखं वाटलं. मी हळू चालत होते, कोणी झोपलं असेल तर उठू नये अशी. शेवटच्या दिवशी गवताची छोटी होडी करून त्याला परत सोडलं, आणि घर पुन्हा तसंच झालं.

हे तुझ्यामुळे झालं. आभार मानत नाही, भावाचे कोणी आभार मानतं का? पण लिहून ठेवते.

किवा


आन्सेईचं चौथं वर्ष, सातवा महिना

गिहाची,

हेइगोरोनं तुला कळवलं असेलच. तो कळवेल की पाणी आलं, कमरेइतकं, वाटेतून आलं, थोडी घरं भिजली, जीवितहानी नाही. सगळं खरं आहे. पण काय झालं ते त्याला माहीत नाही, कारण तो टेकडीवर होता.

बोनचा मधला दिवस होता. दुपार. पाटासमोर ताट वाढून ठेवलं होतं आणि मी पंख्यानं माश्या वारत होते. तेवढ्यात जमीन हलली. फार नाही, पण लांबली. फडताळातल्या वाट्या वाजत राहिल्या. मठातली घंटा सुरू झाली, आणि दोन वर्षं आपण ज्याची तालीम करत आलोय ते सगळं लोकांनी करायला हवं होतं.

कोणी उठलं नाही, गिहाची.

पोरं आणि तरणे बाप्ये पळाले, हो. पण ज्या ज्या घरात कोणी आलेलं होतं त्या त्या घरातली म्हातारी माणसं आणि बायका जागच्या हलल्या नाहीत. पाहुणा पाटावर बसलेला, अर्धा जेवलेला, निरोप द्यायचा दिवस उद्याचा. त्याला टाकून उठायचं कसं? एकदा टाकून वर गेलोच होतो ना आम्ही. तो पाण्यात आणि आम्ही वर उजेडात. पुन्हा तेच करायचं?

मी दारात आले. वाटेच्या तोंडाशी रोकुबेई पहिली फळी ओढत होता. एकट्याला उचलेना. ओरडत होता, "या कोणीतरी. हात लावा." काने तिथे उभी होती, हात मागे बांधून.

"आज नाही," काने म्हणाली. "ते आत आहेत. वाट बंद केलीस तर उद्या जातील कसे?"

रोकुबेईनं माझ्याकडे बघितलं. "थोरल्या बाई, तुम्ही सांगा हिला."

आणि मी म्हणाले, "राहू दे, रोकुबेई. उद्या लाव."

मी म्हणाले. दुसऱ्या कोणाच्या तोंडचं नाही हे.

मी आत जाऊन पाटासमोर बसले. मला भीती वाटत नव्हती. उलट बरं वाटत होतं, हे तुला सांगायलाच हवं. आलं पाणी तर येऊ दे, या वेळी आम्ही बरोबर असू, असं वाटत होतं.

मग दारात तोमी. टेकडीवर पोचली होती ती. मियोला घेऊन वर गेली होती, मला शोधलं, मी तिथे नाही हे दिसल्यावर परत खाली आली. पोरीसकट.

"वर जा," मी म्हटलं.

"तुम्ही उठा."

"तो इथे आहे. मी नाही उठत."

ती आत आली आणि माझ्या शेजारी बसली. मियोला मांडीवर घेतलं. म्हणाली, "मग आम्हीही नाही. तुम्हाला सोडून गेले असं त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

मी तिला शिव्या दिल्या. ढकललं. ती हलेना. बघ, कशी साखळी लागली होती ती. मी त्याच्यासाठी बसलेली, ती माझ्यासाठी, आणि पोर तिच्या मांडीवर. मियोला काहीच कळत नव्हतं, ती बापाच्या ताटातली शेवई ओढत होती.

तोवर पाणी आलं. लाट म्हणावी असं नव्हतं, नुसतं चढत आलं, आवाज न करता, वाटेतून सरळ आळीत. दोन्ही बाजूंना तुझा बांध कोरडा ठणठणीत उभा, आणि मधून पाणी. पाट तरंगला. ताट गेलं. आम्ही उठून धडपडत दाराशी आलो, तोमीचा पाय सरकला आणि मियो तिच्या हातातून सुटली. क्षणभर मला ती दिसलीच नाही. मग तिच्या कमरपट्ट्याचं लाल टोक दिसलं आणि तोमीनं झडप घालून ते धरलं.

पोर ठीक आहे. खोकली, रडली, मग झोपली. तिच्या छातीवर कान ठेवून मी सकाळपर्यंत बसले.

इसाकु ज्यांना वाचवायला गेला त्यांना मी त्याच्याच नावानं बुडवत होते, असं राहून राहून मनात येतं. आणखी लिहवत नाही.

किवा


आन्सेईचं चौथं वर्ष, नववा महिना

गिहाची,

मी तुला लिहिलं की वाट बुजव, आणि तू उत्तर देतोस की मन होत नाही. "ताई, फळ्या आणखी हलक्या करतो. चार माणसं नेमतो. पण वाट राहू दे. इसाकु कुठून येईल?"

तू? ज्यानं सांगितलं होतं की पाण्याला एक भोक पुरतं?

मला आधी राग आला. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि राग कुठल्या कुठे गेला. वेड्या, म्हणजे इतकी वर्षं तूही दर बोनला तिकडे, पूर्वेला, त्याची वाट बघत होतास? तो आत येऊन बसला, जेवला, म्हणजे मामावर त्याचा राग नाही, असं समजत होतास? मला वाटायचं ही वाट मी तुझ्याकडून ओढून घेतली. तुलाच ती माझ्याइतकी हवी होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी त्यावरच तर बोट ठेवलं होतं. 'तू बाहेर पाठवलंस, आता आत घे.' हे वाक्य तुला कुठे लागेल ते मला लिहितानाच माहीत होतं. लागलं. आणि त्यामुळे जो माणूस अख्ख्या गावासाठी डोकं थंड ठेवून विचार करतो, त्यानं एका जागी विचार करायचं सोडून दिलं.

ऐक. फळ्या हलक्या करून उपयोग नाही. चार माणसं नेमून उपयोग नाही. ती चारही माणसं याच गावची, त्यांच्याही घरी बोनला कोणीतरी आलेलं असेल. त्या तीन दिवसांत या गावात कोणी फळीला हात लावणार नाही, आणि समुद्राला ते तीन दिवस वेगळे कळत नाहीत.

काने आणि बाकीच्या माझ्यावर चिडल्या आहेत. काल विहिरीवर काने सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला हवी होती तेव्हा वाट, तुला नको झाली की बंद. भावाचं गाव आहे ना. आमच्या माणसांचं काय? तुझ्या एकटीचाच गेला होता का?"

मी म्हटलं, "तुझी नात वाहून जाताना तू बघितली नाहीस, काने."

"मला नात नाही," ती म्हणाली. "मला तोच होता."

घागर तशीच घेऊन घरी आले. तिचं म्हणणं खोटं नाही, आणि तरीही वाट बुजवायला हवी.

आणि तुझं म्हणशील, तर तो मेलाय, गिहाची. तो रागावलाय की नाही हे आपल्याला कधीच कळणार नाही, पाटावर किती शेवया संपल्या त्यावरून तर नाहीच. मी आई आहे, मी सांगते: तू 'जा' म्हणाला नसतास तरी तो गेला असता. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. तुझं मन राखायचं असतं तर पहिल्याच पत्रात लिहिलं असतं.

किवा


आन्सेईचं पाचवं वर्ष, सातवा महिना

गिहाची,

वसंतात हेइगोरोला तुझी चिठ्ठी आली, "ताई म्हणेल तसं करावं." तो ती घेऊन माझ्याकडे आला आणि समोर उभा राहिला. "मग? काय करू, थोरल्या बाई?"

मागे माणसं टोपल्या घेऊन थांबलेली. तोमी होती, रोकुबेई होता. लांब काने उभी होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एक शब्द बोलायचा होता आणि तो निघेना. तेव्हा मला कळलं की त्या संध्याकाळी टेकडीवर 'जा' म्हणताना तुझं काय झालं असेल. इतकी वर्षं मला वाटत होतं, तो शब्द तुझ्या तोंडून सहज गेला.

मी म्हटलं, "भरा."

पहिली टोपली मी ओतली. मग तोमीनं. रोकुबेई फळ्यांच्या ढिगावर बसून रडत होता, लहान पोरासारखा. त्याची नोकरी गेली म्हणून लोक चेष्टा करतात, पण त्या दिवशी कोणी केली नाही. माणसं गाणं म्हणत माती ठोकून बसवतात, हे तुला माहीतच आहे. तेवढ्या जागी ती गाणं म्हणाली नाहीत. काने आली नाही. ती अजून माझ्याशी बोलत नाही आणि बोलेल असं वाटत नाही. मला ते सोसायला हवं.

आता नवीन माती कुठली आणि जुनी कुठली ते ओळखू येत नाही. वर पाइनची रोपं लावली आहेत.

काल बोनची पहिली संध्याकाळ. घराघरांतून लोक निघाले. ज्यांचे डोंगराकडून येतात ते तिकडे गेले. काने बांधाच्या पायथ्याशी, जिथे वाट होती तिथेच, काड्या पेटवून बसली, गावाच्या बाजूला. मातीकडे तोंड करून नवऱ्याला हाका मारत होती. मी तिच्या बाजूनं गेले. तिनं वर बघितलं नाही.

मी, तोमी आणि मियो पायऱ्यांनी बांध चढून किनाऱ्यावर उतरलो. काड्या आम्ही नेल्या नव्हत्या. शेजारीण विचारत होती, "विसरलात का?" तोमी म्हणाली, "नाही. आमच्याकडे यंदा कोणी यायचं नाही."

पाण्याच्या कडेला उभी राहून मी त्याच्याशी बोलले. मोठ्यानं बोलले, लाटांचा आवाज होता ना. म्हटलं, "इसाकु, घरी येऊ नकोस, बाळा. वाट बंद आहे. मामानं नाही केली, मी केली. तू आलास की आम्हाला जागचं उठवत नाही, म्हणून केली. येऊ नकोस." आणखीही बोलायचं ठरवून गेले होते, पण एवढंच झालं.

मियोनं विचारलं, "कोणाशी बोलतेस, आजी?"

"तुझ्या बाबांशी."

"ते काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

ती थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि मग तिला भूक लागली.

परत येताना तोमी माझ्या पुढे चालत होती. बांधाच्या माथ्यावर ती थांबली आणि मागं वळून बघितलं. बोनला वळून बघायचं नसतं ते कोणी मागून येत असेल तर. ती कितीतरी वेळ बघत उभी होती. मी तिला घाई केली नाही.

तू येणार का? भट्टी काही दिवस तुझ्याशिवाय आंबेल. मी तुला माफ केलं असं लिहायला बसले होते, पण माफ करण्यासारखं काही सापडलं नाही, खूप शोधलं. तेव्हा नुसताच ये.

शेवया मी केल्या होत्या. करायच्या नव्हत्या, पण हाताला सवय. कोणासाठी नाही म्हणून पाट मांडला नाही, तशाच चुलीपाशी ठेवल्या. मियोनं त्या बघितल्या आणि विचारलं, खाऊ का? तोमीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, खा. तिनं सगळ्या खाल्ल्या, वाटी चाटूनपुसून, आणि मी समोर बसून बघत होते.

किवा